एक खाडा वाचला

सकाळी सहा

डिसेंबरात आष्ट्यात सहाला पुरतं उजाडलेलं नसतं, पण माझा फोन वाजायला लागलेला असतो. चुलीपुढून उठून मी तो घेते, कारण आमच्या बायका बोलायला सापडतात त्या याच वेळी. आठच्या सुमाराला भांगलणीची टोळी निघाली की दिवस मावळेपर्यंत बाई रानात असते आणि फोन घरात पोराच्या हातात.

आजचा पहिला फोन बागणीहून. "ताई, मशीन अंगठा घेईना झालंय. दोनदा जाऊन आले. आज बी गेले तर खाडाच पडतोय बघा."

रेशन दुकानातल्या मशीनला अंगठा पटत नाही, ही तक्रार शेतमजूर बाईकडूनच येते. खुरपं धरून आणि उसाचा पाला ओढून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. नव्या मशीनवर डोळ्याची बुबुळं तपासायची सोय आहे, आणि कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठाही चालतो. हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "काकी, तुम्ही कामाला जा. थोरला शाळेतनं आला की त्याला पाठवा. दुकानदार दादांशी मी बोलते." तिचं कार्ड प्राधान्य गटातलं, माणशी महिन्याला 5 किलो धान्य. एवढ्या धान्यासाठी तिचे दोन रोज आधीच बुडाले होते.

मी सहयोगिनी आहे. महिला बचत गटांनी मिळून चालवलेल्या केंद्रात काम करते. अशा केंद्रांना सरकारी कागदात लोकसंचालित साधन केंद्र म्हणतात, बायका नुसतं 'केंद्र' म्हणतात. महिला आर्थिक विकास महामंडळाची म्हणजे माविमची स्थापना 24 फेब्रुवारी 1975 ची. बचत गट, त्यावर गावची समिती आणि अनेक गावांचं मिळून एक केंद्र, ही रचना त्यांनी राज्यभर उभी केली. माझ्याकडे आष्ट्यातल्या काही गल्ल्या आणि वारणेच्या बाजूची गावं आहेत.

साडेसात

भडकंब्यात गटाची बैठक. अंगणात सतरंजी, मध्ये पेटी आणि वही. कामावर जायच्या आधीची ही वेळ बायकांनी स्वतः ठरवलेली आहे. माझ्या सोयीनं दुपारी बारा ठेवली असती तर अर्ध्याजणी आल्या नसत्या, आणि आलेल्यांचा रोज गेला असता.

गटाची शिस्त पाच गोष्टींची: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. फलकावर ही पंचसूत्री गुळगुळीत वाटते. प्रत्यक्षात यातली परतफेड म्हणजे बाईच्या अब्रूचा प्रश्न असतो. म्हणून हप्ता चुकला तर तो का चुकला हे आधी विचारायचं आणि वहीत मागाहून लिहायचं, असं या गटानं ठरवलं आहे. मला हा ठराव फार मोलाचा वाटतो.

आज पेटीतून कर्ज मागणाऱ्या दोघी. एकीला शेळी घ्यायची आहे. दुसरीच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि फीचा पहिला हप्ता शनिवारच्या आत भरायचा आहे. पेटीत दोघींना पुरेल एवढी रक्कम नाही. मी काही बोलले नाही. बोलायचंही नसतं, पैसा त्यांचा आहे.

शेळीवाली थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शेळी काय, पुढल्या महिन्यात बी मिळंल. पोरीची जागा गेली तर परत मिळंल का?" अध्यक्ष काकींनी तिलाच ठरावाची सूचक केलं आणि लगेच सही घेतली. व्याजाचा पैसा गटातच राहतो, तो वर्षाअखेर सगळ्यांच्या नावावर वाटून दिसतो. बँकेचा व्यवस्थापक घरी आला असता तरी त्याला पत्र्याच्या खोलीखेरीज तारण काय दिसलं असतं? इथं शेजारणीला माहीत आहे की ही बाई पहाटे उठते, नवऱ्याच्या हाती पैसे पडू देत नाही आणि मुलीच्या शिक्षणासाठी उपाशी राहील. कर्ज द्यायला एवढी माहिती पुरते.

पावणेनऊ

सांगली-इस्लामपूर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. गळीत हंगाम आहे. रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांच्या खोपी पडल्यात. कुणी बीडकडचे, कुणी आमच्याच जिल्ह्यातल्या जत भागातले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत हंगामभर तोडायचं. माणसं पहाटेच फडात गेलेली, खोपीत सात-आठ वर्षांची एक मुलगी दोन भावंडं सांभाळत बसली होती.

ही कुटुंबं आमच्या गटांची सभासद नाहीत. त्यांच्याकडून केंद्राला वर्गणीही येत नाही. पण दारिद्र्य ज्याला म्हणतात त्याचं खरं वजन इथं कळतं, त्यामुळं केंद्राच्या बायकांनीच सांगितलंय की आठवड्यातून एकदा खोपींवर जायचं. सोबत अंगणवाडीच्या ताई होत्या. त्यांनी धाकट्याच्या लसीकरणाचं कार्ड पाहिलं, दोन डोस राहिलेले. तारीख लिहून घेतली.

फडातून परतलेल्या एका बाईला मी रेशनचं विचारलं. ती म्हणाली, "कार्ड गावाकडं सासूपाशी हाय." तिला वाटत होतं की हंगामाचे सहा महिने तिच्या वाट्याचं धान्य बुडालंच. तसं नाही. राज्यात आणि राज्याबाहेरही आता कुठल्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. कार्ड हातात नसलं तरी त्यावरचा बारा आकडी नंबर आणि आधार पुरतं. घरच्यांनी गावाकडे सगळा कोटा उचलला नसेल तर उरलेला इथं मिळतो. मी तिच्या सासूला फोन लावून दिला. दोघींमध्ये धान्याची वाटणी ठरली: दोघा म्हाताऱ्या माणसांचं तिकडं, बाकीचं इकडं.

सोय आहे आणि माणूसही आहे, पण दोघांच्या मध्ये एक फोन करणारं कुणी नसतं. माझ्या नोकरीचा बराच भाग एवढाच आहे, आणि तो मला कमी प्रतीचा वाटत नाही.

अकरा

केंद्राच्या खोलीत. भिंतीला दोन लोखंडी कपाटं, एक संगणक, एक प्रिंटर. लेखापाल ताई गटांची ऑनलाइन माहिती भरतायत. माझ्यासमोर गोटखिंडीहून आलेली एक वहिनी. नवरा गवंड्याच्या हाताखाली होता, श्रावणात गेला. पदरात दोन मुलं, थोरली सातवीत.

अशा घराला एकच अर्ज पुरत नाही. तीन अर्जांची तयारी एकदम करावी लागते. संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला महिन्याला 1,500 रुपये. बालसंगोपन योजनेतून एका मुलाला महिन्याला 2,250 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाचा 18 ते 59 वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये. नवऱ्याची बांधकाम कामगार म्हणून मंडळात नोंद चालू असती तर आणखीही मिळालं असतं. त्याचं ओळखपत्र घरात सापडलं, पण नूतनीकरण राहून गेलेलं. वर्षातून एकदा, वर्षात नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यासह करायचं ते काम. वहिनी म्हणाली, "ते म्हणायचे, पुढल्या आठवड्यात करतो."

आता मला रागानं लिहायचं आहे ते इथं. निराधार योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. दोन मुलं असलेली बाई महिन्याला 1,750 रुपयांत जगते असा दाखला कुणी प्रामाणिकपणे द्यायचा आणि कुणी घ्यायचा? तलाठ्यालाही हे खोटं वाटतं, बाईलाही खोटं बोलल्यासारखं वाटतं. ती भांगलणीला गेली नाही तर मुलं उपाशी राहतात, आणि गेली तर कागदावर ती निराधार उरत नाही. दुसरी वाट दारिद्र्यरेषेच्या यादीची. ती यादी 2002 च्या सर्वेक्षणावर उभी आहे. त्या साली ही वहिनी माहेरी शाळेत जात होती. त्यानंतर जी घरं गरीब झाली ती यादीत कशी असणार? मदतीची रक्कम वाढवण्याची मागणी सगळे करतात. मर्यादा बदलण्याची मागणी त्याहून आधी व्हायला हवी, कारण दारच बंद असेल तर आत किती ठेवलंय याला अर्थ नाही.

वहिनीचे कागद लावायला तास गेला. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाइड, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक. एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते: कुठल्याही टेबलावर मूळ कागद देऊन यायचं नाही. अर्जाची पोच घ्यायची, तिचा फोटो काढायचा. पोच नसल्यामुळं एका कार्यालयात आमच्या एका सभासदाचा अर्ज 'आलाच नाही' असं झालं आणि तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून गावागावातले अर्ज एकत्र करून आम्हीच आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी तालुक्याला नेतो. दहा बायकांचे दहा खाडे वाचतात आणि दहा तिकिटं वाचतात.

साडेबारा

लाडक्या बहिणीच्या केवायसीची रांग. योजना जुलै 2024 पासूनची, महिन्याला 1,500 रुपये. केवायसीला बाईबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं. वडील आणि नवरा दोघंही हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झालेला असेल तर त्याचा कागद, अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा अशी वाट पुढं निघाली. टाकलेल्या बाईकडे मात्र यातला एकही कागद नसतो. नवरा जिवंत आहे, दुसऱ्या संसारात आहे, आणि त्याच्या फोनवर येणारा ओटीपी ती कुठून आणणार?

हा प्रश्न आमच्या वाळवा तालुक्याला नवा नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी ऐंशीच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न याच भागातून महाराष्ट्रापुढं मांडला. बाईच्या स्वतःच्या नावावर रेशनकार्ड, डोक्यावर छप्पर, जमिनीचा तुकडा, या मागण्या तेव्हाच्या. चाळीस वर्षांनंतर माझ्यासमोरची आक्का विचारते, "नवऱ्यानं सोडलं तर सरकारनं बी सोडायचं का?" तिच्या नावानं वेगळ्या रेशनकार्डाचा अर्ज आज केला. ते हातात आलं की बाकीचे कागद त्याच्या आधारानं उभे राहतात.

दीड वाजता भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लेखापाल ताईंच्या डब्यातली मेथी.

दोन

बँक. दोन गटांच्या कर्जाची प्रकरणं. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात महिला गटांना 3 लाखांपर्यंतचं कर्ज 7 टक्के व्याजानं द्यायचं, हा नियम आहे. खासगी सूक्ष्म कर्ज बायकांना वीस-पंचवीस टक्क्यांना पडतं. हा फरक कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोठा आहे. तरीही बाई महाग कर्जाकडे जाते, याचं कारण तो माणूस दारात येतो आणि बँकेत तिला चार वेळा जावं लागतं. म्हणून कागद केंद्रातच पूर्ण करून घ्यायचे आणि गटाच्या तिघींनी सहीपुरतं एकदाच यायचं, असं आम्ही शाखेशी बोलून ठरवलं आहे. कर्ज मंजूर झालं की बँक केंद्राला थोडं सेवाशुल्क देते. त्यातून आणि गटांच्या वार्षिक वर्गणीतून केंद्राचं वीजबिल आणि आमचं मानधन भागतं. मानधन पुरेसं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

चार

शिगाव. वारणाकाठ. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पाणी इथं घराघरात होतं. पूर ओसरल्यावर पंचनामे झाले ते घराच्या आणि जमिनीच्या कागदावर. ज्यांची जमीन नाही, जी भाड्याच्या खोलीत किंवा दुसऱ्याच्या जागेत राहतात, ती घरं यादीतून सुटायची भीती मोठी असते. तेव्हापासून इथल्या गावच्या समितीच्या बायका गल्लीवार यादी ठेवतात: कोण कुठं राहतं, म्हातारं कोण आहे, गरोदर कोण आहे, जनावरं किती. गटांच्या वह्यांचे फोटो दर तिमाहीला केंद्रात ठेवायचे, हेही तेव्हापासूनच. वही भिजली तर बचतीचा पुरावाच गेला. आज यादी तपासली. दोन नावं वाढली, एक म्हातारी वारली होती.

साडेपाच

हा तास मी कधी घाईत उरकत नाही. एका काकींच्या घरी गेले. तीन कंपन्यांचं कर्ज, तिन्ही आठवड्याच्या हप्त्याची. पहिलं मुलीच्या लग्नाचं, दुसरं नवऱ्याच्या दवाखान्याचं, तिसरं पहिल्या दोन्हींचे हप्ते भरायला काढलेलं. कंपनीच्या गटातल्या बायका एकमेकींना जामीन, त्यामुळं हिचा हप्ता चुकला की शेजारीण दारात येऊन बसते. कंपनीच्या वसुलीवाल्यापेक्षा तेच तिला जास्त लागतं. काकी पंधरवडा झाला घरातून बाहेर पडल्या नव्हत्या.

मी वहीच्या पानावर तिन्ही हप्ते मांडले, शेजारी घरात येणारा पैसा मांडला. महिन्याच्या मिळकतीतला निम्म्याहून जास्त भाग हप्त्यांत चाललेला. रिझर्व्ह बँकेनं 14 मार्च 2022 ला घालून दिलेल्या नियमात नेमकं हेच बसत नाही. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तारण घ्यायचं नाही. कर्जाची माहिती कर्जदाराला कळेल त्या भाषेत लेखी द्यायची. मुदतीआधी फेडलं तर दंड लावायचा नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, यायचं नाही. वसुली ठरलेल्या सामायिक जागी करायची. तिथं कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी यायची मुभा. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, काहीही चालत नाही.

काकींना हे वाचून दाखवलं. त्या पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघून बोलल्या. "मग ते रातचं आठला येत्यात, ते कसं?" ते नियमाबाहेर आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करायची, दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 या क्रमांकावर. तक्रारीचा कागद तिथंच लिहिला. पैसे बुडवायचं त्यांच्या मनात नाही, माझ्याही नाही. सगळ्यात लहान कर्ज बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून एकदम मिटवायचं आणि उरलेल्या दोन कंपन्यांकडे हप्ता लांबवून मागायचा, असा मार्ग आम्ही दोघींनी काढला. शुक्रवारच्या बैठकीत त्या स्वतः तो मांडतील.

लग्नाच्या कर्जाबद्दल एक सांगते. 1943 ते 46 च्या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार या भागात चाललं, तेव्हा गावोगाव गांधी विवाह लागले. थोड्या खर्चात, मानपान न करता. सावकारी मोडायची तर लग्नाचा खर्च मोडला पाहिजे, हे त्या माणसांनी ओळखलं होतं. त्याच गावांत आज शेतमजुराच्या मुलीच्या लग्नाला डीजे लागतो. याचा दोष मी काकींना देत नाही. गावातली मोठी घरं जशी लग्नं करतात तशी लहान घरं करायला बघतात. सुरुवात कुणी करायची हे त्यावरून कळावं.

रात्री साडेआठ

केंद्राच्या कार्यकारिणीची बैठक. अध्यक्ष ताई दिवसभर रानात होत्या, हात धुऊन थेट आल्या. खजिनदार टेलरिंग करतात. मी, व्यवस्थापक आणि लेखापाल ताई या तिघी त्यांच्या नोकर आहोत. आमचं काम चांगलं झालं का हे त्या ठरवतात.

निर्णय कुणाच्या हातात असावा, हा प्रश्न दुसरीकडेही आला आहे. अमेरिकेत 1964 साली गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा कायदा झाला, त्यातून तिथं जिल्ह्याजिल्ह्यांत अशाच कामाच्या संस्था निघाल्या. आजही त्या हजारभर आहेत. घर गरम ठेवायचं बिल, लहान मुलांची शाळा, नोकरीचं प्रशिक्षण असं बरंच काही त्या करतात. त्यांच्या संचालक मंडळात किमान तिसरा हिस्सा गरीब वस्तीच्या प्रतिनिधींचा असावा, असा तिथला नियम आहे. चांगला आहे. आमच्याकडे सगळ्याच खुर्च्या गटाच्या बायकांच्या आहेत, आणि मला तीच पद्धत बरोबर वाटते. आज त्यांनी माझ्या आठवड्याच्या कामातून एक कार्यक्रम काढून टाकला, फलक लावून फोटो काढण्याचा. त्याऐवजी खोपींवर आणखी एक फेरी घातली.

आष्ट्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या वाचणाऱ्या माणसांना माझी एक विनंती आहे. गल्लीत कुणाच्या घरचा कर्ता माणूस गेला तर आपण भेटायला जातोच. तिथून उठण्याआधी त्या बाईला तीन गोष्टी विचारा: मृत्यूचा दाखला काढला का, मुलांचा बालसंगोपनाचा अर्ज केला का, निराधारचा केला का. नसेल केला तर तिच्याबरोबर एकदा तालुक्याला जा, किंवा तिचे कागद घेऊन जा आणि पोच आणून द्या. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचा यात अर्धा दिवस जाईल.